भूत जागेवर राहील कसं?

मुंज्या पिंपळावर असतो, हडळ विहिरीपाशी, आणि वाड्यातलं भूत पिढ्यानपिढ्या त्याच माजघरात. भूत भिंतीतून आरपार जातं याचं आपल्याला नवल वाटतं. ते जागा सोडत नाही, हे मात्र आपण सहज मान्य करतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या दोहोंत अवघड आहे ते जागेवर राहणं.

कारण पिंपळच मुळी स्थिर नाही. तो मुंबईत असेल, तर पृथ्वीच्या परिवलनामुळे सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे निघाला आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते आणि सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर. म्हणून काही जण म्हणतात, देह सुटताच भूत अवकाशात मागे राहील आणि पृथ्वी पुढे निघून जाईल. हे बरोबर नाही. गॅलिलिओने १६३२ सालच्या ग्रंथात संथ चालणाऱ्या जहाजाचा दाखला देऊन समजावलं होतं, की जहाजातल्या साऱ्या वस्तूंना जहाजाचाच वेग असतो. भुतालाही मरणाच्या क्षणीचा वेग वारशाने मिळेल. प्रश्न वेगाचा नाही, वळणाचा आहे. पृथ्वीवरची प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी दिशा बदलत असते, आणि दिशा बदलायला बल लागतं. भुताला ते बल कोण देणार?

समजा, त्याच्यावर गुरुत्वाकर्षण चालत नाही. मग ते न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे सरळ रेषेत जाईल आणि जमीन त्याच्याखालून वळत जाईल. फक्त पृथ्वीच्या परिवलनाचा हिशेब धरला, तरी मुंबईतलं भूत पहिल्या मिनिटात पन्नासेक मीटर वर गेलेलं असेल आणि तासाभरात जवळपास दोनशे किलोमीटर उंचीवर. झपाटायला वाडा उरणार नाही.

आता समजा, गुरुत्वाकर्षण चालतं, पण भिंत आडवी येत नाही. मग फरशीही आडवी येणार नाही. पहिल्याच सेकंदात भूत जवळजवळ पाच मीटर खाली जाईल आणि पुढे पडतच राहील. पूर्वेकडचा वेग अंगी असल्यामुळे ते पृथ्वीच्या केंद्रातून न जाता केंद्राला काहीशे किलोमीटरचा वळसा घालून जाईल आणि सुमारे ३८ मिनिटांत पलीकडे पोहोचेल. तिथून परत येईल तेव्हा सव्वा तास उलटलेला असेल. तेवढ्यात पृथ्वी सुमारे १९ अंश फिरलेली असल्यामुळे ते मुंबईत नव्हे, तर पश्चिमेला अरबस्तानाच्या बाजूला वर येईल. अडवणारं काहीच नसल्यामुळे हे येणं-जाणं थांबणारही नाही.

तिसरी शक्यता एकच: फरशी त्याला तोलून धरते. पण फरशी आपल्याला तोलते ती अणूंमधल्या विद्युतचुंबकीय बलामुळे आणि इलेक्ट्रॉनना एकाच अवस्थेत एकत्र राहता येत नाही या नियमामुळे. भिंतही त्याच कारणाने अडवते. पायाला फरशी लागत असेल, तर खांद्याला भिंत लागणारच. दिसण्याचंही तसंच आहे. भूत दिसायचं, तर त्याने प्रकाश परतवला किंवा सोडला पाहिजे. त्याने आपल्याला पाहायचं, तर त्याच्या डोळ्यांनी प्रकाश शोषला पाहिजे. म्हणजे पूर्ण पारदर्शक भूत आंधळंच असणार.

एखाद्या ठिकाणी असणं ही फुकट मिळणारी गोष्ट नाही. आपण खुर्चीत निवांत बसलेले असतो तेव्हाही जमीन आपल्याला ढकलत असते आणि आपण जमिनीला. या देवघेवीलाच आपण जागा म्हणतो. देवघेव नाकारायची आणि जागा मात्र राखायची, हे निसर्गात जमत नाही.

यावर कुणी म्हणेल, न दिसणारं ते सारं विज्ञान नाकारतं. इतिहास उलट सांगतो. इलेक्ट्रॉनबद्दलचा तो नियम १९२५ साली मांडणाऱ्या वोल्फगांग पाउलीनेच १९३० साली भिंतीतून आरपार जाणाऱ्या कणाची कल्पना मांडली. किरणोत्सर्गातल्या बीटा क्षयात ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता. न दिसणारा एक कण ती ऊर्जा घेऊन जात असावा, असं तो म्हणाला. तो कण म्हणजे न्यूट्रिनो. १९५६ साली कावन आणि राइन्स यांनी त्याचा पुरावा दिला. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. सूर्याकडून आलेले सहा हजार कोटींहून अधिक न्यूट्रिनो आपल्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला पार जातात, आणि त्यातला एकही तिथे थांबत नाही.

न्यूट्रिनोला विज्ञानात प्रवेश मिळाला, कारण त्याच्यावाचून निसर्गाचा जमाखर्च अपुरा राहत होता. वाड्यातल्या भुतावाचून असा कोणताही हिशेब अडलेला नाही. म्हणून भुताची गोष्ट सांगणाऱ्याला हसण्यापेक्षा त्याला नेमका प्रश्न विचारावा: कोणतं बल त्याला तिथे धरून ठेवतं, आणि तेच बल भिंतीपाशी नाहीसं का होतं? हा प्रश्न शाळकरी मुलालाही विचारता येतो. ज्या मुलाला तो विचारता येईल, त्याला भुताची भीती घालून कुणी लुबाडू शकणार नाही.