‘नाही’ आणि ‘दिसले नाही’

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात दिवाळी सरली की धानाची पोती आधारभूत खरेदी केंद्राकडे निघतात. तिथे मूठभर दाणे आर्द्रतामापकात जातात आणि पडद्यावर आकडा उमटतो. सरकारी निकषात ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के. आकडा १६.९ आला तर माल चालतो, १७.१ आला तर परत नेऊन वाळवा. एवढ्याने दाणा काही वेगळा होत नाही, पण केंद्राला हवे असते ते घ्यायचा की नाही, इतकेच.

संगणकाच्या चिपवरची पिनही अशीच वाचली जाते. पिनेवर असतो विजेचा दाब, आणि तो कमीजास्त कितीही असू शकतो. टीटीएल जातीच्या चिपांत ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक, असे ठरले आहे. मधल्या पट्ट्यात काय वाचले जाईल याची हमी कोणी देत नाही. तरीही चिप शून्य किंवा एक यांपैकी काहीतरी सांगून मोकळी होते. शंका लिहून ठेवायला तिच्या खात्यात रकानाच नाही.

ही पिन वाचणारा, लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यातला म्हणजे कर्नलमधला ड्रायव्हर मात्र एकेकाळी ‘एक’ असे सरळ सांगतही नसे. बत्तीस पिनांची स्थिती एकाच रजिस्टरमध्ये ठेवलेली असते. मोजणी शून्यापासून ३१ पर्यंत. पाचव्या क्रमांकाची पिन तेवढी गाळून घेतली, तर ती चालू असताना हाती ३२ येतात. सी भाषेला त्याचे काही वाटत नाही. शून्य नसलेले सगळे तिच्या लेखी ‘हो’च. म्हणून कुणी ३२ सांगे, कुणी ४०९६, आणि काम निभत असे.

अडचण आली ती ३१ क्रमांकाच्या पिनेपाशी. बत्तीस बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात सर्वांत वरचा बिट ऋणचिन्हाचा. ती पिन चालू झाली की उत्तर येते उणे २,१४,७४,८३,६४८. कर्नलमध्ये उणे आकडा म्हणजे चूक झाल्याची खूण. ठणठणीत ‘हो’ला बिघाड समजले जाण्याची ही सोय झाली! डिसेंबर २०१५ मध्ये कर्नलमधल्या पिनांच्या विभागाची देखभाल करणारे लिनस वालेइ यांनी एकामागून एक ड्रायव्हर हाती घेतले आणि उत्तरापुढे दोन उद्गारचिन्हे लावली: !!. पहिले चिन्ह ३२ चे शून्य करते, दुसरे त्या शून्याचे एक. दोनदा नाकारल्यावर निखळ होकार उरतो.

हे सारे नीटनेटकेपणासाठी नव्हते. उणे आकडे मोकळे ठेवायचे होते, म्हणजे ‘वाचताच आले नाही’ हे उत्तर त्यांतून देता येईल. पीसीए९५३एक्स या घराण्यातल्या चिपा मुख्य प्रोसेसरपासून दूर, दोन तारांच्या टोकाला बसतात. तार तुटली, चिप गप्प राहिली, तर ड्रायव्हरने काय सांगावे? त्यांचा जुना ड्रायव्हर अशा वेळी शून्य परत करी, आणि कोडमध्ये त्याची सबबही लिहिलेली होती. विचारणाऱ्याला वाटे, पिन बंद आहे. खरे तर पिनेशी बोलणेच झालेले नसे.

इथे जैनांचा स्याद्वाद आठवणे सोपे आहे, पण तो प्रश्न वेगळा. सत्याला किती बाजू, हा इथला वाद नाही. वाद आहे तो अभाव कशाने कळतो याचा, आणि तो मीमांसकांनी जास्त नेटाने लढवला. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे ज्ञानाचे सहावे प्रमाण मानले: जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळते. दुसरे मीमांसक प्रभाकर यांच्या अनुयायांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते दिसते ती नुसती रिकामी जमीन. कुमारिलांच्या भाट्ट परंपरेने मात्र एक अट पक्की केली. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. हिला योग्यानुपलब्धी म्हणतात. तुटलेल्या तारेवरून शून्य सांगणारा ड्रायव्हर नेमकी हीच अट मोडतो.

रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रापुढे हा वाद पोथीत राहत नाही. रोवणीच्या चिखलात आणि वर्षानुवर्षांच्या कष्टात बोटांच्या रेषा झिजतात. अंगठा आधारच्या नोंदीशी जुळला नाही, याचा अर्थ ‘हा माणूस तो नव्हे’ असा होतो, की ‘यंत्राला ओळखता आले नाही’ असा? ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवले, की पडताळणी फसली एवढ्यावरून धान्य अडवू नये. अपवाद वेगळ्या नोंदवहीत लिहावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात चार न्यायमूर्तींनी योजना उचलून धरली. पाचवे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्न मत देताना, माणसाचे हक्क गणिती संभाव्यतेवर टांगता येणार नाहीत, असा मुद्दा मांडला. तत्त्वाच्या दृष्टीने त्यांची बाजू अधिक भक्कम वाटते, कारण अंधार आणि अभाव यांतला फरक ती सोडत नाही.

ड्रायव्हर उणे आकड्याने चूक कळवू लागला, की कर्नलमध्ये मात्र चूक उलटीकडे घसरू शकते. दुकानात ‘कळले नाही’चे ‘नाही’ होते; सी भाषेत त्याचेच ‘हो’ होते. उणे आकडाही शून्य नसतोच. त्यामुळे उत्तर घेणाऱ्याने ‘पिन चालू आहे का’ एवढेच तपासले, तर तुटलेली तारही चालू पिन ठरते. ड्रायव्हरने प्रामाणिकपणे चूक कळवली, तरी विचारणाऱ्याने आधी ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ हे पाहावे लागते, आणि ‘हो’ की ‘नाही’ हे त्यानंतर.