धृतराष्ट्राचा प्रश्न

महाभारताच्या स्त्रीपर्वात एक प्रसंग आहे. युद्ध संपले आहे, कुरुक्षेत्र प्रेतांनी भरले आहे, आणि ज्याला यातले काहीच पाहता येत नाही असा वृद्ध धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो की, जिवंत किती राहिले हे तू जाणतोसच. मेले किती ते ठाऊक असेल तर सांग. युधिष्ठिर संख्या सांगतो. ती कोटींच्या घरातली आहे. तिच्यापाठोपाठ तो अलक्ष्य, म्हणजे दृष्टीआड झालेल्या वीरांची निराळी गणना देतो : २४,१६५. मोठी संख्या सहस्रांपाशी थांबते. जे दिसेनासे झाले त्यांची मात्र शेवटच्या पाचांपर्यंत मोजदाद होते. मूळ कथाकाराच्या मनात काय होते हे सांगणे कठीण. पण व्यवसायाने वकील असल्यामुळे असो वा अन्य कारणाने, मला हा तपशील फार दिवस अडवून ठेवीत आला आहे.

२०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत आपण सारेच धृतराष्ट्र झालो होतो. घराबाहेर पडणे नव्हते, डोळ्यांनी काही पाहता येत नव्हते, आणि सकाळी देशाचा व सायंकाळी राज्याचा आकडा आल्यावाचून चैन पडत नव्हते. देवळांचे दरवाजे भाविकांना बंद होते. पुजारी आत एकटाच आरती करी. आणि त्याच सुमारास घरोघरी, एके काळी घंटेचा आवाज ऐकून ज्यांचे हात जुळत, ती माणसे विचारीत असत, ‘आज किती?’ सायंकाळी आकडा विचारण्याची आपल्याकडे आणखी एक जुनी रीत आहे, ती मटक्याची. हे साम्य सांगताना संकोच होतो, पण ते अगदीच खोटे होते असे मला म्हणवत नाही. तीच उत्कंठा, तीच अटकळ, आणि आकडा कळल्यानंतर पुन्हा उद्याच्या आकड्याची वाट.

प्रश्न असा आहे की, मृतांचा आकडा रोज पाहणे हे ज्ञान आहे की व्यसन? आणि तो उतरला म्हणून आनंद मानणे योग्य आहे काय?

आकडे पाहूच नयेत, मन खचते, असे सांगणारी मंडळी त्या दिवसांत पुष्कळ होती. त्यांचा हेतू चांगला होता. पण हा उपदेश मला कधी पटला नाही. न मोजलेल्या मृत्यूंचा अनुभव या देशाने एकदा घेतलेला आहे. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झात हिंदुस्थानात माणसे किती गेली हे त्या वर्षी धड कोणालाच कळले नाही. १९२१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटल्याचे आढळले, तेव्हा त्या संहाराचा विस्तार ध्यानात आला. आणि अभ्यासकांचे अंदाज आजही सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढेपर्यंत पसरलेले आहेत. त्या दोन अंदाजांमधल्या फरकात पन्नास लाख माणसे मावतात. ज्यांच्या असण्या-नसण्याचा हिशेब केवळ मतभेदाचा विषय होऊन राहिला, अशी ती माणसे. तेव्हा मोजणे हा मृतांचा अपमान नव्हे. न मोजणे हा आहे.

पण मोजण्याचेही एक शास्त्र आहे, आणि ते न जाणता आकडा वाचणे म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी न करता निकाल देणे होय. दुसऱ्या लाटेत देशातील नव्या रुग्णांची एका दिवसाची सर्वांत मोठी संख्या, ४,१४,१८८, मेच्या पहिल्या आठवड्यात नोंदली गेली. त्यानंतर रुग्ण उतरू लागले, आणि घरोघरी हायसे वाटले. परंतु रोग जडणे, चाचणी होणे, प्रकृती बिघडणे आणि प्राण जाणे यांत दिवस जातात. म्हणून मृत्यूंची सर्वांत मोठी दैनंदिन नोंद, ४,५२९, जाहीर झाली ती १९ मे रोजी. म्हणजे आपण हायसे मानले त्यानंतर जवळजवळ दोन आठवड्यांनी. रविवारी चाचण्या कमी होत, म्हणून सोमवारचा आकडा लहान दिसे. तो रोगाचा उतार नसून सुटीचा परिणाम असे. यासाठीच जाणते लोक एका दिवसाकडे न पाहता सात दिवसांची सरासरी पाहत. पुढे १० जूनला देशात एकाच दिवशी ६,१४८ मृत्यू दाखविले गेले; पण ती माणसे त्या दिवशी मेलेली नव्हती. बिहारने मागचे राहून गेलेले सुमारे चार हजार मृत्यू तेव्हा एकदम नोंदीत घेतले होते.

लहान आकड्याचीही अशीच फसगत. ११ मे रोजी गोव्यात ७५ मृत्यू नोंदले गेले. देशाच्या हजारांपुढे पंचाहत्तर म्हणजे काय, असे दूरच्या माणसाला वाटले असेल. पण सुमारे पंधरा लाखांच्या या भूमीत तो वीस हजारांत एक असा हिशेब होतो, आणि तोही एका दिवसाचा.

धृतराष्ट्रही संख्येपाशी थांबला नव्हता. त्याने पुढे विचारले की, हे तुला कोणत्या ज्ञानाच्या बळावर कळले? पुराव्याचा कायदा अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधीचा हा प्रश्न आहे, आणि प्रत्येक आकड्याला तो विचारलाच पाहिजे. कारण मृत्यू मोजण्यापूर्वी मृत्यूला नाव द्यावे लागते. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत माणसे तापाने मरू लागली, तेव्हा हा गाठीचा प्लेग आहे असे ओळखून उघड सांगणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे आपल्या हडफड्याचे. नाव ठरले तेव्हा मोजदाद शक्य झाली. नाव चुकले की माणूस मरतो, पण मोजला जात नाही.

हे मला पुस्तकातून कळले असे नाही. माझ्या कचेरीत अकरा वर्षे काम केलेला लेखनिक त्या मेच्या शेवटच्या दिवसांत वारला. ज्या संध्याकाळी त्याच्या भावाचा फोन आला, त्याच्या तासभर आधी मी घरात मोठ्याने म्हटले होते, ‘आज आकडा उतरला.’ त्या उतरलेल्या आकड्यात आपला माणूस होता, या जाणिवेने मला पुढे कितीतरी दिवस ते वाक्य आठवले की शरम वाटे. आपल्या रीतीत आप्ताच्या मृत्यूचे सूतक असते. शेकड्यांच्या आकड्याचे सूतक कोणी पाळीत नाही. आकडा जितका मोठा, तितका स्पर्श कमी. त्या दिवशी मात्र तो आकडा माझ्या उंबरठ्याच्या आत आला.

पुढे कळले की मला तेवढीही समजूत करून घेण्याचा अधिकार नव्हता. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबीयांना साहाय्य देण्याबाबत आदेश दिला; सप्टेंबरात केंद्र सरकारने ठरविले की, रोगाचे निदान झाल्यापासून तीस दिवसांच्या आत आलेला मृत्यू, मग तो रुग्णालयाबाहेर का होईना, या रोगाचाच समजावा; आणि ४ ऑक्टोबरच्या आदेशान्वये पन्नास हजार रुपये देताना केवळ दाखल्यावर रोगाचे नाव नाही या सबबीवर कोणाला नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. लेखनिकाच्या पत्नीचा अर्ज लिहिण्यासाठी मी कागद मागविले. चाचणीचा अहवाल होता, त्यात रोग स्पष्ट होता. त्यानंतर नवव्या दिवशी मृत्यू. पण दाखल्यावर कारण होते केवळ न्यूमोनिया. चौकशीअंती दिसून आले की रोगाच्या बळींमध्ये त्याची गणना कधी झालीच नव्हती. ज्या आकड्यात तो आहे असे समजून मी शरमलो होतो, त्यात तो नव्हता. तो अलक्ष्य होता.

मी त्या बाईंना सांगितले की, दाखला तसाच राहिला तरी रक्कम मिळण्यास अडचण नाही. त्या म्हणाल्या, ‘बाब, पैशांचे मागाहून पाहू. कोरोना म्हणून मला त्यांचे तोंड पाहू दिले नाही. मग कागदावर कोरोना का नाही?’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आणि मला वाटते, आकड्यांच्या साऱ्या नीतीचे सार त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अंदाज केला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू अधिक झाले. सरकारी नोंद त्या काळापुरती पाच लाखांच्या आतली होती, आणि सरकारने त्या अंदाजाच्या पद्धतीवर हरकत घेतली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागरी नोंदणीच्या अहवालात २०२० साली ८१ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद दिसते. ही सारी वाढ त्या एका रोगाचीच असे म्हणणे न्यायाचे होणार नाही; नोंदणीही सुधारत असते. पण एका वर्षात एकवीस लाखांची भर पडावी आणि आपण ‘आज किती?’ हा प्रश्न केव्हाच विसरून जावे, हे मला अधिक गंभीर वाटते. लाटेत जो प्रश्न आपण रोज विचारीत होतो, तो भीतीचा होता. भय सरले, तसा प्रश्नही सरला.

आकडा पाहून ज्याने लग्नाची पंगत रद्द केली, शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याच्या दारात जेवणाचा डबा ठेवला, त्याचे पाहणे हे ज्ञान होते. आकडा पाहून ज्याने केवळ दुसऱ्याला सांगितला, त्याचे पाहणे व्यसन. मी दुसऱ्या वर्गात किती दिवस होतो हे मी जाणतो. उतार पडल्याचा आनंद हा दोष नव्हे. कोणाच्या तरी घरचा दिवा विझायचा वाचला याचा तो आनंद असेल तर तो धर्म्यच आहे. पण आपली पाळी टळली एवढाच त्याचा अर्थ असेल, तर तो तपासून पाहावा.

धृतराष्ट्राचा अखेरचा प्रश्न असा होता की, ज्यांना कोणी आहे आणि ज्यांना कोणी नाही, त्या सर्वांचे दहन विधिपूर्वक होईल ना? युधिष्ठिराने विदुर, संजय आदींना त्या कामी लावले, आणि देशोदेशींच्या अनाथ मृतांनाही अग्नी मिळाला. संख्येचा शेवट कर्तव्यात झाला. सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठीही पाणी सोडणारी आपली परंपरा याच भावनेची आहे.

अर्ज केल्यानंतर काही महिन्यांनी समितीने निर्णय दिला आणि लेखनिकाच्या मृत्यूचे कारण दुरुस्त झाले. तोवर लाट ओसरली होती. त्या दिवसाचा आकडा कोणी पाहत नव्हते. नोंदीत एक मृत्यू वाढला. मृतांचा आकडा वाढल्याने मला समाधान वाटले, असे आयुष्यात ते एकदाच घडले.