मोहरा कोणाच्या बाजूचा?

आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत शनिवारी दुपारी एक जपानी आजोबा शोगी शिकवतात. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. माझ्या धाकट्याला हा खेळ ‘नारुतो’ या कार्टूनमुळे कळला. मी आपला ड्रायव्हर म्हणून जात असे. पण मंडळी, मी सांगलीकडचा माणूस. समोर पट मांडलेला असताना कोपऱ्यात पेपर वाचत किती वेळ बसणार? तिसऱ्या शनिवारी खुर्ची ओढली आणि आठ वर्षांच्या एका मुलीकडून हरलो.

शोगीचा पट नऊ बाय नऊ घरांचा, मोहरे प्रत्येकी वीस. गंमत अशी की काळे-पांढरे असा भेद नाही. सगळे मोहरे एकाच रंगाचे, पाचकोनी लाकडी तुकडे, वर जपानी अक्षरं. टोक समोरच्याकडे असेल तो आपला. आणि मारलेला मोहरा डब्यात जात नाही. तो तुमच्या हातात येतो आणि पुढे कधीही, आपली खेळी म्हणून, तुम्ही तो रिकाम्या घरात मांडू शकता. फक्त फिरवून. कालपर्यंत तुमच्यावर चाल करणारा आज तुमच्यासाठी लढतो.

आजोबांकडे दोन संच आहेत. एकावर अक्षरं, दुसऱ्यावर मोहरा कसा चालतो ते दाखवणाऱ्या खुणा. नवख्या अमेरिकनांना ते खुणांचा संच देतात. लहानांसाठी तिसराच खेळ आहे, मादोका किताओ या व्यावसायिक महिला खेळाडूने २००८ मध्ये रचलेला: तीन बाय चार घरांचा पट, सिंह, हत्ती, जिराफ आणि कोंबडीचं पिल्लू. पिल्लू पलीकडे पोचलं की कोंबडी होते! अक्षरं काढली तर शोगीत जपानी ते काय उरलं, असं काही शौकिनांना वाटतं. आपल्याला हा वाद नवीन नाही. मराठी शाळेत मुलांना नाटकाचे संवाद रोमन लिपीत लिहून द्यावेत का, यावर आपण किती सभा गाजवल्या आहेत!

माझं मत विचाराल तर हा वाद फार मोठा नाही. आमचे आजोबा देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळत. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरके आणि राजाला एकदा घोड्याची उडी मिळे. ती पद्धत गेली याचं मला वाईट वाटतं. पण आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकली ती आंतरराष्ट्रीय नियमांनीच. दुसरी गंमत ऐका. अल्बेरुनीने हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की हिंदुस्थानातल्या बुद्धिबळात हत्ती एक घर पुढे किंवा चारांपैकी कोणत्याही तिरप्या दिशेला एक घर चालतो, म्हणजे सोंड आणि चार पाय. शोगीतला ‘चांदीचा सेनापती’ अगदी अस्साच चालतो. आपल्या पटावरून ती चाल नाहीशी झाली आणि जपानात टिकली, वेगळ्या नावाने. तेव्हा खेळ परदेशी गेला की त्याचं रूप पालटणार, त्यात बिघडत नाही.

मला सतावतो तो प्रश्न निराळा आहे. परक्याला शिकवणं सोपं. त्याला खुणांचा संच देता येतो, टाळ्याही वाजवता येतात. पण तो खरोखर शिकला, तर त्याला जागा कोणती द्यायची?

जपानमध्येच पाहा. हवाईत जन्मलेला चॅड रोवन १९९३ मध्ये अकेबोनो या नावाने सुमोतला पहिला परदेशी जन्माचा योकोझुना झाला. योकोझुना हे सुमोतलं सर्वोच्च पद. परदेशी माणूस त्या पदाला लायक असू शकतो का, यावर त्याआधी तिथे मोठं वादळ झालं होतं. मग शोगीत पोलंडची कारोलिना स्तिचिन्स्का. तिलाही हा खेळ ‘नारुतो’तूनच कळला. ती इंटरनेटवर खेळली, जपानला राहायला गेली, तिथली भाषा शिकली आणि इतरांसारख्याच पायऱ्या चढून २०१७ मध्ये व्यावसायिक महिला खेळाडू झाली. असा मान मिळवणारी ती पहिली परदेशी. मानद वगैरे नव्हे, हरली तर हरली आणि जिंकली तर जिंकली.

शोगीवाले मासुदा कोझो या थोर खेळाडूचा एक किस्सा सांगतात. युद्धानंतर १९४७ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून विचारलं, की तुमच्या खेळात कैद्यांना शत्रूसाठी राबवतात, हा युद्धकैद्यांचा छळ नव्हे का? मासुदा म्हणाले, की तुमच्या बुद्धिबळात पकडलेल्याला ठार करतात. आम्ही त्याला त्याच्या हुद्द्यासकट कामावर घेतो. उत्तर झकास. पण मोहऱ्याला विचारलं कोणी, अशी शंका मला येतेच. आपण तरी आपल्या पायांनी आलो. आणि हुद्द्याचं म्हणाल तर बारीक अक्षरांत एक अट आहे: बढती मिळालेला मोहरा पकडला गेला की बढती जाते, मूळ पदापासून पुन्हा सुरुवात. भारतात दहा वर्षं प्रॅक्टिस करून इथे येऊन पुन्हा रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टरांना हा नियम समजावायला नको.

आता माझी गोष्ट. आम्ही पूर्वी राहत होतो तिथल्या मराठी शाळेच्या समितीवर मी होतो. ओहायोत वाढलेली एक सून, नवऱ्यापेक्षा बरं मराठी बोलणारी. दर गणेशोत्सवात आम्ही तिला स्टेजवर बोलवायचो. ती दोन वाक्यं बोलायची आणि हॉल टाळ्यांनी दणाणायचा. पाच वर्षं! सहाव्या वर्षी तिने तिसरीचा वर्ग शिकवायची तयारी दाखवली. बैठकीत कोणी वाईट बोललं नाही. ‘पालकांना जरा वेगळं वाटेल’, ‘उच्चारांचं काय’, ‘पुढच्या वर्षी बघू’. ज्याने तो वर्ग घेतला त्याच्या ‘ळ’चा उच्चार आम्ही कधी तपासला नव्हता. मी गप्प बसलो. तसा मी भिडस्त आहे, पण भिडेमुळे गप्प बसलो हे पूर्ण खरं नाही. मलाही आतून वाटत होतं, की ही पाहुणीच बरी. पाहुण्यांचं कौतुक करताना आपली खुर्ची शाबूत राहते.

गेल्या शनिवारी जपानी आजोबा सर्दीने आजारी होते. वर्ग चालवला तो पोर्टो रिकोच्या एका इलेक्ट्रिशियनने. अक्षरांचाच संच काढून बसला होता. धाकट्याची एक चूक त्याने पकडली: एकाच उभ्या ओळीत आपली दोन प्यादी असताना तिथे चालत नाही. पोरगा हुज्जत घालू लागला तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, ‘या नियमात आम्ही सूट देत नाही.’ तो ‘आम्ही’ कानात घुमत राहिला.

घरी आल्यावर त्या सुनेला फोन केला. चार वर्षांनी बोलत होतो. म्हटलं, आमच्या इथल्या मराठी शाळेत येशील का?

‘भाषणाला की शिकवायला, काका?’

‘शिकवायला.’

ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘आधी तुमचं तिसरीचं पुस्तक पाठवा. जुन्या शाळेच्या पुस्तकात फार चुका होत्या.’