घर विकताना किती सांगावे?



घर बदलण्याचा विषय आपल्या भिवंडीत घरोघरी निघतो. मुले मोठी होतात, सून येते, जुनी खोली अपुरी पडू लागते. मग कोणी कल्याणला जागा बघतो, कोणी ठाण्याला, कोणी वसईकडे. जुनी जागा विकायची म्हटली की पहिले काम म्हणजे रंगाऱ्याला बोलावणे. ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी, स्लॅबचे पोपडे निघाले असतील तिथे पीओपीचे छत, मोरीत जुन्या लादीवर नवी लादी. आठ-दहा दिवसांत खोली नव्यासारखी दिसू लागते. गिऱ्हाईक येते, बघते, बयाणा देते. सगळे रीतसर होते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्या नव्या छताच्या मागे काय आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर ते गिऱ्हाइकाला सांगायला हवे की नाही?

आपल्या शहरात हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील तीन मजली जिलानी इमारतीचा भाग कोसळला. पस्तीसहून अधिक माणसे झोपेतच गेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. २९ एप्रिल २०२३ रोजी वलपाड्याच्या वर्धमान कंपाउंडमधील इमारत पडली. तिथे खाली गोदाम होते आणि वर कुटुंबे राहत होती. या दुर्घटनांत दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की आपल्या गावात भिंतीवरची भेग ही नुसती दिसायला वाईट गोष्ट नसते. ती कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

व्यवहारात यावर एक ठरलेले उत्तर ऐकू येते: "आम्ही काही लपविले नाही, त्यांनी विचारले नाही. घेणाऱ्याने बघून घ्यावे." हे उत्तर आजचे नाही. ख्रिस्तजन्माच्या ४४ वर्षे आधी रोमचा वक्ता सिसेरो याने आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात नेमका हाच दाखला आहे. एक गृहस्थ घर विकतो आहे. घर रोगट आहे, त्याचे लाकूड कुजके आहे, आणि हे मालकाशिवाय कोणालाही माहीत नाही. त्याने सांगावे का? सिसेरो दोन तत्त्वज्ञांचा वाद मांडतो. डायोजिनिस म्हणतो की विकणाऱ्याने कोणावर जबरदस्ती केली नाही. 'रोगट घर विकणे आहे' अशी दवंडी कोणी पिटतो का? त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो की वाट चुकलेल्याला वाट न दाखविणे वाईट, मग जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीच्या वाटेवर जाऊ देणे त्याहून वाईट. सिसेरो शेवटी शिष्याच्या बाजूने कौल देतो. प्रत्येक बाबतीत मौन म्हणजे लपविणे नव्हे, हे तो मान्य करतो. पण जी गोष्ट कळणे समोरच्याच्या हिताचे आहे, ती आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे याला तो लपविणेच म्हणतो.

त्याच ग्रंथात एक खटलाही आहे. तो वाचताना आपल्याला महापालिकेच्या नोटिसा आठवल्याशिवाय राहत नाहीत. रोममध्ये शकुन पाहणारे पुरोहित एका टेकडीवरून आकाश न्याहाळत. सेंटुमालस नावाच्या गृहस्थाचे उंच घर त्यांच्या आड येत होते, म्हणून त्यांनी त्याला तेवढा भाग पाडण्याचा हुकूम दिला. याने काय केले? घर विकून टाकले आणि हुकुमाविषयी अवाक्षर काढले नाही. नव्या मालकाला तोच हुकूम मिळाला, घराचा भाग पाडावा लागला, आणि मागाहून त्याला कळले की विकणाऱ्याला हे आधीच ठाऊक होते. प्रकरण केटोपुढे गेले. त्याने निकाल दिला की विकताना माहीत असून सांगितले नाही, तेव्हा विकणाऱ्याने नुकसान भरून द्यावे. आपल्याकडे धोकादायक इमारतीची नोटीस जिन्यात लागते आणि गिऱ्हाईक येण्याआधी कोणीतरी ती काढून टाकतो. दोन हजार वर्षांत कागद बदलला, युक्ती तीच राहिली.

ख्रिस्तसभेने हा विचार पुढे नेला. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी सिसेरोच्या ग्रंथाच्या धर्तीवर धर्मसेवकांसाठी पुस्तक लिहिले. विकलेल्या वस्तूतील दोष सांगितलाच पाहिजे, हे त्यांनी त्यात बजावले आहे. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाची नीट फोड केली. त्यांचे उत्तर आपल्यासारख्या संसारी माणसाला उपयोगी पडेल असे आहे, कारण ते विकणाऱ्याचीही अडचण ओळखतात.

ते दोन गोष्टी वेगळ्या करतात. जो दोष उघड दिसतो, तो मुद्दाम सांगण्याचे बंधन नाही. मात्र किंमत त्या मानाने कमी असली पाहिजे. एका डोळ्याने आंधळा घोडा कोणालाही दिसतो. जो दोष लपलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याला तोटा किंवा धोका होईल, तो सांगितलाच पाहिजे. धोक्याच्या दाखल्यांत त्यांनी, पडायला आलेले घर मजबूत म्हणून विकणे, हाही दाखला दिला आहे. मग दवंडी पिटायची का? नाही, असे ते म्हणतात. आधीच गावभर सांगितले तर गिऱ्हाईक उगाच बिचकेल आणि वस्तूचे चांगले गुणही त्याला दिसणार नाहीत. जो घ्यायला आला आहे त्याला खाजगीत सांगावे, म्हणजे तो चांगले-वाईट दोन्ही तोलून ठरवील. म्हणजे दलालाच्या पाटीवर गळती लिहायची गरज नाही. पण बयाणा हातात घेण्याआधी ती सांगायला हवी.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मालमत्तेतील किंवा आपल्या मालकी हक्कातील जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तो विकणाऱ्याने उघड करायचा आहे. तो न सांगणे ही कायद्याच्या लेखी फसवणूक ठरते. हेच कलम घेणाऱ्यालाही बांधते. एखाद्या विधवेला आपला त्या मालमत्तेतला हक्क किती मोठा आहे हे माहीत नाही आणि घेणाऱ्याला ते माहीत आहे, अशा वेळी त्यानेही गप्प बसायचे नाही. खरेपणाची अपेक्षा दोन्हीकडून आहे.

येथवर सगळे पटते. अडचण पुढे येते. खोली हीच ज्याची आयुष्याची कमाई आहे, त्याने काय करावे? मुलीचे लग्न आहे, घरात आजारपण आहे, नव्या जागेचा हप्ता सुरू झाला आहे. खरे सांगितले तर किंमत पडणार. ही भीती खोटी नाही आणि ती बाळगणारा माणूस लबाड असतो असेही नाही. शिवाय शेजारी येऊन सांगतात, "तू बीमचे बोललास तर आमच्या सगळ्यांच्या खोल्यांचे भाव उतरतील. तू तर चाललास, आम्हांला इथेच राहायचे आहे." एकट्या माणसाला हा दबाव सोसवत नाही.

तरीही एक गोष्ट शांतपणे पाहू या. सळई गंजल्यामुळे घराची किंमत कमी झालेलीच आहे. आपण सांगितले म्हणून ती कमी होत नाही. न सांगितल्याने तो तोटा नाहीसाही होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. आणि तो दुसरा कोण असतो? बहुधा आपल्यासारखाच, पै-पै जमवून पहिली खोली घेणारा. आपल्याला जी भीती वाटते, तीच त्यालाही आहे. फरक एवढाच की आपल्याला कळले आहे आणि त्याला कळलेले नाही. शेजाऱ्यांचेही तसेच. भाव टिकावा म्हणून ज्या इमारतीत सगळे गप्प राहतात, तिथे दुरुस्तीही होत नाही, कारण दुरुस्ती काढली की दोष कबूल केल्यासारखे होते. भावासाठी राखलेले मौन शेवटी राहणाऱ्यांच्याच डोक्यावर येते. खरे सांगणाऱ्याचे नुकसान होणारच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. काही वेळा होते आणि ते कोणी भरूनही देत नाही. म्हणून तर हा सद्सद्विवेकबुद्धीचा प्रश्न आहे.

विक्रीपेक्षाही अवघड गोष्ट भाड्याची आहे. पुष्कळ वेळा आपण जुनी खोली विकत नाही. आपण चांगल्या इमारतीत जातो आणि जुनी खोली भाड्याने देतो. यंत्रमागावर काम करायला दूरच्या राज्यातून आलेला कामगार चार-पाच जणांसह ती घेतो. तो काही विचारीत नाही, कारण विचारण्याची त्याची ऐपत नसते. इथे स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आपण ती खोली का सोडली? जागा अपुरी होती म्हणून सोडली असेल तर मन स्वच्छ आहे. पण 'या छताखाली माझी मुले झोपायला नकोत' म्हणून सोडली असेल, तर तिथे दुसऱ्याची मुले झोपवून महिन्याच्या महिन्याला भाडे घेण्याचा आपल्याला काय अधिकार? वर सांगितलेल्या कायद्याचे कलम १०८ भाड्याने देणाऱ्यालाही असा लपलेला दोष सांगायला लावते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली आहे. ती भाडेकराराला लागू नाही असे कुठेही लिहिलेले नाही.

घराच्या कामांविषयीही थोडे बोलले पाहिजे. 'माझे घर, मी काहीही करीन' हे बैठ्या घरात एक वेळ चालेल. इमारतीत आपले छत म्हणजे वरच्याची जमीन असते. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत काढणे, गाळ्यात यंत्र बसावे म्हणून खांब तासणे, गच्चीवर पत्र्याची खोली आणि पाण्याची आणखी एक टाकी चढविणे, या सगळ्याचा भार दुसऱ्या कोणावर तरी येतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ जण मरण पावले. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्यात आधाराच्या खांबांना हात लावला गेला, असा आरोप त्या प्रकरणात झाला.

जुन्या करारात याविषयी दोन नियम आहेत. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात सांगितले आहे की नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर कोणी वरून पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. कठडा मालकासाठी नाही, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहे. लेवीय पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात भिंतीला चट्टे पडलेल्या घराचा नियम आहे. मालकाने स्वतः याजकाकडे जाऊन सांगायचे, मग घर रिकामे करायचे, तपासायचे, खराब दगड काढून नवा गिलावा करायचा, आणि तरीही चट्टे परत आले तर घर पाडायचे. आज इमारतींचे सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ असे वर्ग पाडतात: तत्काळ पाडण्याजोगी, रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, लोक राहत असताना दुरुस्त होणारी आणि किरकोळ दुरुस्तीची. क्रम जवळजवळ तोच आहे. आणि लेवीयात पहिले पाऊल मालकाचे आहे. पहिला शब्द त्याने काढायचा आहे.

यातून आपण काही साधे नियम घेऊ शकतो. घर दाखविताना गळती, भेगा, जुनी दुरुस्ती आणि आलेली नोटीस यांविषयी न विचारताही सांगावे. लिहून दिले तर आणखी चांगले. रंगकाम जरूर करावे, पण ज्या जागेची दुरुस्ती केलेली नाही ती रंगाखाली झाकू नये. तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले नसेल तर सोसायटीत तो विषय काढावा. भिंत किंवा खांब यांना हात लावण्याआधी इंजिनिअरला विचारावे. मिस्त्रीचा होकार पुरेसा नाही. आणि धोकादायक इमारतीत अडकलेले कुटुंब आपल्या धर्मग्रामात असेल, तर नुसते 'जागा सोडा' म्हणून भागत नाही. हक्क जाईल या भीतीने आणि अनामत रकमेअभावी माणसे हलत नाहीत. टेम्पो, दोन महिन्यांचे भाडे, कागदपत्रांसाठी एखादा वकील एवढी मदत आपण मिळून करू शकतो.

ज्याने पूर्वीच न सांगता घर विकले आहे त्याचे काय? जक्कयाने प्रभूला घरी घेतले तेव्हा त्याने नुसता पश्चात्ताप केला नाही, ज्याचे घेतले त्याला परत देण्याचा शब्द दिला. पापनिवेदन केल्याने भेग बुजत नाही. त्या कुटुंबाला आजही जाऊन सांगता येते. लाज वाटेल, कदाचित पैसे द्यावे लागतील, भांडणही होईल. पण ते अजून त्या छताखाली राहत आहेत, आणि छताचे आपल्याला माहीत आहे.