बुडीत खातं आणि उडत्या तबकड्या

परवाच्या रविवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, जगातला सर्वांत वाईट सिनेमा दाखवतो, बसा." हल्ली मुलगा बापाला चांगलं काही दाखवत नाही. वाईट तर वाईट, दाखवतोय हे काय कमी झालं, असं म्हणून मी बसलो. सौभाग्यवतीही शेंगा सोलत शेजारी बसली.

सिनेमाचं नाव 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. अमेरिकेतल्या एड वुड नावाच्या गृहस्थांनी १९५०च्या दशकात तो स्वतःच लिहिला आणि स्वतःच दिग्दर्शित केला. सुरुवातीलाच एक कोटवाले सद्गृहस्थ अतिशय गंभीर चेहऱ्यानं सांगतात की, आपल्याला भविष्यकाळाबद्दल कुतूहल असतं, कारण उरलेलं आयुष्य आपल्याला तिथंच काढायचं आहे. मी म्हटलं, हा मुदत ठेवीच्या काउंटरवरचा माणूस दिसतोय!

पुढे परग्रहावरचे लोक येतात. त्यांच्या आधीच्या आठ योजना बोंबललेल्या असतात. म्हणून नववी योजना, मेलेली माणसं उठवायची. उडत्या तबकड्यांचे दोरे दिसतात. थडग्याचा दगड धक्का लागला की डुलतो. एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आळीपाळीनं हजेरी लावतात. पोलीस अधिकारी पिस्तुलाच्या नळीनं डोक्यावरची टोपी मागे सारतो. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, तो परग्रहवासी मानवजातीच्या मूर्खपणावर असं काही व्याख्यान झोडतो की काय सांगू! विश्व, सूर्यप्रकाश, विनाश, सगळं एका दमात.

सौभाग्यवती शेंगेवरची नजर न काढता म्हणाली, "अगदी तुमच्यासारखा बोलतो हो."

चिरंजीव लोळण घेऊन हसले. मीही हसलो, पण थोडा वेळानं.

मग चिरंजीवांनी पुरवणी माहिती दिली. यातला नामांकित नट बेला लुगोसी १९५६ सालीच वारला. त्याची काही मिनिटांचीच फिल्म वुडसाहेबांच्या हाती होती. उरलेलं काम मणके बसवणाऱ्या एका डॉक्टरांकडून तोंडापुढे डगला धरून करून घेतलं. डॉक्टर लुगोसीपेक्षा उंच, ही आणखी एक गंमत. पुढे १९८० साली मेडव्हेड बंधूंच्या एका पुस्तकानं हा आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा म्हणून जाहीर केला आणि लोक मुद्दाम तो बघायला लागले. वुडसाहेब मात्र डिसेंबर १९७८ मध्येच गेले होते, चोपन्नाव्या वर्षी, कफल्लक अवस्थेत. म्हणजे पहिला नंबर आला तेव्हा बक्षीस घ्यायला माणूसच नव्हता.

शेंगदाणा घशात अडकावा तसं माझं हसू अडकलं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझं नीतिशास्त्र खातेवहीपलीकडे जात नाही. पण आमच्याकडेही बुडीत कर्जात दोन जाती मानतात. एक, हात वर करून पळणारा. दुसरा, राबराब राबून धंद्यात बुडालेला. रक्कम दोघांचीही बुडते, ताळेबंद दयामाया दाखवत नाही. पण दोघांना एकाच तोंडानं बोलू नये, एवढं वीस वर्षांच्या नोकरीत कळलंय. वुडसाहेब दुसऱ्या जातीतले. लोकांना फसवायचं म्हणून त्यांनी तो सिनेमा काढला नव्हता. त्यांना खरोखरच काहीतरी थोर सांगायचं होतं, फक्त ते सांगता येत नव्हतं.

ही वकिली मी कोणाची करतोय, हे सौभाग्यवतीच्या लक्षात आलंच असणार. गेल्या वर्षी आमचे हेड कॅशियर निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण मी लिहिलं होतं. "जीवन म्हणजे अनंताच्या काउंटरवर काळानं वटवलेला धनादेश," अशी त्याची सुरुवात. एकूण नऊ पानं. चौथ्या पानाला शिपाई समोसे घेऊन आला आणि टाळ्या त्याला पडल्या. नंतर सगळे मला "छान झालं" म्हणाले. घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "दोन पानं पुरे होती. त्यांनी मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा कॅश जुळवल्याशिवाय शाखा सोडली नाही, एवढंच सांगायचं होतं."

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, वुडसाहेबांना लिहिण्याआधी असं सांगणारं कोणी भेटलं असतं का? मागाहून हसणारे पुष्कळ निघाले. वाईटाला चांगलं म्हणावं, असं माझं म्हणणं नाही. प्रेक्षकाचा दीड तास हीही ठेवच आहे, आणि ती बुडाली तर त्यानं ओरडावंच. पण ओरडायचं ते माणूस समोर असताना, त्याला दुरुस्ती करता येईल तेव्हा. खातं बंद झाल्यावर शेरा मारून काय उपयोग?

"बंद करू का?" चिरंजीवांनी विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं, "त्यांनी शेवटपर्यंत केलाय, आपण शेवटपर्यंत बघू."

येत्या महिन्यात आमच्या शाखेतल्या शिपायाची निवृत्ती आहे. भाषण मीच लिहितोय. दोन पानं. वाचायला आधी सौभाग्यवतीकडे दिलंय.