मीटर गेजवर प्रेम करण्याचा हक्क

रेल्वेप्रेमींची एक जमात आहे आणि मी तिच्यातलाच आहे, हे आधीच सांगून टाकतो. वायपी आणि वायजी या वाफेच्या इंजिनांमधला फरक सांगताना माझा आवाज जरा चढतो. दोन रुळांमधलं अंतर 1000 मिलिमीटर की 1676, हा माझ्यासाठी नुसता आकडा नाही. अकोला-पूर्णा मार्गाचं नाव निघालं की आमच्यातले बहुतेक जण उसासा टाकतात. हा उसासा टाकायचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. भावनांना कसला आलाय हक्क, असं कुणी म्हणेल. पण प्रत्येक प्रेमाची किंमत कुणीतरी मोजत असतं, आणि ती नेहमी प्रेम करणाराच मोजतो असं नाही.

गोष्ट हिंगोलीची आहे. मनमाडहून निघून मराठवाडा ओलांडत हैदराबादकडे जाणारी निजामाच्या राज्यातली मीटर गेज 1900 च्या सुमारास सुरू झाली. पूर्णेहून तिचा एक फाटा 1912 मध्ये हिंगोलीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. हिंगोली हे जवळजवळ अर्धशतक शेवटचं स्टेशन राहिलं. स्टेशनच्या नावातलं ‘डेक्कन’ अजून टिकून आहे. पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ वाचताना मला दरवेळी थोडी गंमत वाटते. स्वातंत्र्यानंतर हिंगोली-खंडवा जोडमार्ग झाला. पन्नासच्या दशकात काम चाललं आणि साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर उत्तरेची आणि दक्षिणेची मीटर गेज एकमेकींना भेटल्या. मीनाक्षी एक्स्प्रेस याच वाटेनं धावायची. आमच्या जमातीत हे नाव अजूनही देवाचं नाव घ्यावं तसं घेतात. मेळघाटात धूळघाटजवळ रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच वरून जायचे. खिडकीतून खाली पाहिलं की आपण नुकतेच आलो तो मार्ग दिसायचा.

इथवर सगळं रम्य आहे. पण मराठवाड्यातल्या माणसाला मीटर गेजबद्दल विचारा. त्याच्या लेखी हा शब्द उपेक्षेचा आहे. लॉर्ड मेयोच्या काळात, 1870 मध्ये, हिंदुस्थानात मीटर गेज आली ती स्वस्त पडते म्हणून. जिथे मोठ्या मार्गाइतका खर्च करायचा नाही, तिथे ही धाकटी वाट टाकायची. मनमाडला औरंगाबादकडून आलेला प्रवासी बोचकी उचलून मुंबईची गाडी पकडायला दुसऱ्या फलाटावर धावायचा. मालाचं त्याहून वाईट. कापसाची गाठ असो की धान्याचं पोतं, एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवायचं. त्यात वेळ जायचा, नासाडी व्हायची, आणि ते ओझं हमालाच्या पाठीवर असायचं. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं ब्रॉडगेजसाठी वर्षानुवर्षं भांडण मांडलं ते हौस म्हणून नव्हे. मनमाड-औरंगाबाद रुंद झाला तो 1992 मध्ये. पूर्णा-अकोला, म्हणजे हिंगोलीचा मार्ग, रुंद व्हायला 2008 उजाडलं. मधली सोळा वर्षं वसमतच्या नि हिंगोलीच्या माणसानं आपल्या धाकट्या रुळांकडे पाहत काढली. त्याच काळात आमच्यासारखे लोक कॅमेरा घेऊन तिथे जात होते. ‘अजून आहे’ या आनंदात.

तर एकाच रुळावर दोन ‘अजून’ होते. एक म्हणायचा, अजून आहे, पाहून घ्या. दुसरा म्हणायचा, अजून आहे, कधी जाणार?

या गुंत्यातून सुटायला लोक एक सोपी वाट काढतात: रेल्वेप्रेमी हा बाहेरचा, शहरी, परतीचं तिकीट खिशात असलेला माणूस, दुसऱ्याच्या गैरसोयीत त्याला सौंदर्य दिसतं. हे अर्धंच खरं आहे. हिंगोलीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांशी मी बोललो त्यांचाही जीव त्या गाडीत अडकलेला होता. लग्नाची वरात, पहिली नोकरी, दवाखान्याची धावपळ, सगळं त्या डब्यांतून झालेलं. फरक एवढाच की त्यांना ती आठवते, पण परत नको आहे. हळहळ आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना न शिकवता कळतं. आम्हाला कळत नाही. आम्ही हळहळता हळहळता ‘जपायला हवी होती’ असं म्हणून जातो, आणि या वाक्यात दुसऱ्याच्या आयुष्यातले तास आपण परस्पर खर्चून टाकलेले असतात.

मग जपा म्हणूच नये का? इथे शकुंतला आडवी येते. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ही 762 मिलिमीटरची चिंचोळी वाट वऱ्हाडच्या कापसासाठी टाकलेली. तिच्यावर 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, त्यामुळे आमच्या जमातीचं ते तीर्थक्षेत्रच. तिथे ‘शकुंतला वाचवा’ ही हाक गावकरीही देतात. पण ती नीट ऐका. त्यांच्या ‘वाचवा’मध्ये रूळ रुंद करा, गाडी चालू ठेवा, तिकीट परवडेल असं ठेवा, हे सगळं येतं. आमच्या ‘वाचवा’मध्ये रूळ आहेत तसेच ठेवा, एवढंच. त्यांना वाट हवी आहे, आम्हाला वस्तू. शब्द एकच असल्यामुळे आपण त्यांच्या बाजूचे आहोत असं आम्हाला वाटत राहतं.

आमच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. रेल्वे स्वतःच्या स्मृतीबद्दल फारशी हळवी नसते. गेज बदललं की जुने रूळ भंगारात जातात, पाट्या उतरतात. त्या मार्गावरचे सिग्नल, पाण्याचे हौद, केबिनमधले खटके यांची जी चित्रं आज उरली आहेत, त्यातली बरीचशी या वेड्या माणसांनी स्वतःच्या पैशानं काढलेली आहेत. मात्र ती चित्रं चाळताना एक गोष्ट खुपते. इंजिनाचा नंबर प्रत्येक चित्राखाली आहे. त्याच चौकटीत फावडं घेऊन उभा असलेला गँगमन बिननावाचा आहे. हमाल तर चौकटीतच नाही. गेज बदलल्यावर ज्याच्या पाठीवरचं ओझं गेलं आणि सोबत मजुरीही गेली, त्याला या बदलाचं काय वाटलं, हे आमच्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. इतकं बारकाईनं पाहणाऱ्या डोळ्यांना हे दिसू नये, याचं मला वाईट वाटतं.

आणि धूळघाट. अकोट ते आमला खुर्द हा तुकडा 2017 पासून बंद आहे. तो रुंद करायचा तर व्याघ्र प्रकल्पातून जोरात धावणाऱ्या गाड्या न्याव्या लागतील, म्हणून विरोध झाला. 2021 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जंगलाबाहेरून वळसा घालणारा मार्ग घ्या असं केंद्राला कळवलं. मला ते पटतं. आमच्यातल्या बहुतेकांनाही पटतं, कारण त्या वळणावर ब्रॉडगेज यावी असं आम्हाला कधीच वाटलं नव्हतं. पण वाघाच्या बाजूनं बोलताना आपल्याला आपलं चित्र तसंच्या तसं मिळतंय, म्हणून तर पटत नाही ना, हे तपासायला हवं. हिंगोलीचा प्रश्न सुटला आहे: 2024 मध्ये जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढली, आणि मुंबईला जायला तिथला माणूस आता आपल्याच गावात गाडीत बसतो. मेळघाटातल्या कोरकू गावांचा सुटलेला नाही. वान रोड, धूळघाट, डाबका या स्टेशनांवर थांबणारी ती हळू गाडी त्यांची बाजाराला जायची गाडी होती. जंगलाबाहेरून जाणारी नवी गाडी त्यांच्या दारात येणार नाही. त्या वळणाचे फोटो माझ्याकडे चाळीसेक आहेत. त्यातल्या एकातही फलाटावर टोपली घेऊन उभी असलेली बाई नाही, आणि ती तिथे नव्हती असं तर होऊ शकत नाही.