घरटी एक काम

इंदापूर,
श्रावण

चि. ताई,

तुझं पत्र मिळालं. बारामतीत एमआयडीसीकडच्या तुमच्या वस्तीत तुम्ही बायकांनी मिळून मंडळ काढलंत. महिन्यातला एक रविवार वस्तीच्या कामाला द्यायचा आणि वर्षातून एकदा सगळ्या घरांसाठी खेळ-जेवणाचा मेळावा घ्यायचा, असं ठरवलंत. पुढे इकडे इंदापूरच्या गावांतही असंच काही उभं करायचं तुझ्या मनात आहे. वाचून फार आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं आहेस. माझं आयुष्य शाळेत आणि गावोगावच्या शिबिरांत गेलं. त्यातून जे मनाशी पक्कं झालं, ते मोकळेपणाने लिहिते.

मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येक घराकडे त्या दिवसाचं एखादं काम सोपवलेलं असावं, हे पहिलं सांगणं. घर गरीब असो, कालच भाड्याने राहायला आलेलं असो, त्याच्यावाचून अडेल असं काहीतरी त्याच्याकडे असू दे. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

हे शिकायला तुला लांब जावं लागणार नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी तुमच्या बारामतीत मुक्कामाला असते आणि पुढे काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेने निघते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी 1685 मध्ये हा सोहळा सुरू केला. काटेवाडीत परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात. मेंढपाळ आपली मेंढरं आणतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीत अश्व धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया रिंगणात धावतात. कुणी पिठलं-भाकरी करतं, कुणी पाणी देतं, कुणी वारकऱ्यांचे पाय चेपतं. ज्याच्याकडे जे आहे तेच त्याची सेवा ठरलं, आणि ते काम पिढ्यान् पिढ्या त्याच्याकडेच राहिलं. म्हणून तिथे कुणाला आग्रहाचं बोलावणं धाडावं लागत नाही. आपल्याशिवाय सोहळा पुरा होणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तुमच्या वस्तीतल्या घरांनाही असंच वाटायला हवं. एखाद्याच्या घरी मोठ्या सतरंज्या असतील, कुणी वायरमन असेल, कुणाच्या आजीला झिम्म्या-फुगडीची शंभर गाणी येत असतील. आधी त्यांची यादी कर. पाहुण्यांची यादी मागून करता येते.

दुसरी गोष्ट क्रमाची. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावाला कीर्तनाला बसवायचं. कीर्तनातही ते लोकांना प्रश्न विचारत, लोकांकडूनच उत्तरं वदवून घेत. करमणूक आणि श्रम त्यांनी वेगळे ठेवले नाहीत. तूही तसंच कर. मेळाव्याच्या दिवशी सकाळी दोन तास काम, मग खेळ, मग जेवण. घामेजलेली माणसं पंक्तीला शेजारी बसली की ओळख करून देण्याची गरज उरत नाही.

सकाळचं काम मात्र दोन तासांत पुरं होईल असंच निवड. कऱ्हेचं पात्र स्वच्छ करण्याचा संकल्प मोठा आहे, पण पहिल्याच रविवारी त्याला हात घालू नकोस. अंगणवाडीची भिंत रंगवा, घंटागाडी जिथे पोचत नाही त्या कोपऱ्यातला कचरा उचला, शाळेच्या पाण्याच्या टाक्या घासा. दुपारी घरी जाताना पोरांना आपण केलेलं दाखवता आलं पाहिजे. झाडं लावायची असतील तर एक लक्षात ठेव. आपला हा अवर्षणाचा पट्टा, वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आषाढात फोटो काढून लावलेलं रोप चैत्रात पाण्यावाचून जळतं. म्हणून जितकी घरं पाणी घालायची जबाबदारी घेतील तितकीच रोपं आणा, आणि रोपाशेजारी त्या घरातल्या मुलाच्या नावाची पाटी लावा.

कामाआधी तयारी लागते, हेही आपल्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. पानी फाउंडेशनने 2016 मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप ही गावांची पाणलोटाच्या कामाची स्पर्धा सुरू केली. श्रमदानाचे 45 दिवस सगळ्यांना दिसले. त्याआधी गावातली काही माणसं, बायकासुद्धा, प्रशिक्षणाला जाऊन पाणलोटाचं शास्त्र शिकून आली होती, तिकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांनी परत येऊन गाव जमवलं. 2018 च्या महाराष्ट्र दिनी शहरांतली माणसं जलमित्र म्हणून गावांत गेली, त्यांना कुदळ कुठे मारायची ते गावकऱ्यांनीच दाखवलं. तुमच्यातल्या चार-पाच जणी आधी नगरपरिषदेत जाऊन कचऱ्याच्या गाडीच्या वेळा, पाण्याचं वेळापत्रक, अंगणवाडीच्या गरजा विचारून या. माहिती हातात असली की माणसं विश्वास ठेवतात.

मनुष्यबळ कमी पडलं तर महाविद्यालयांकडे जा. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे. त्यातल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत 240 तास समाजकार्याला द्यायचे असतात, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. तुमच्याकडे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, विद्या प्रतिष्ठान आहे. मुलं उत्साहाने येतात. त्यांना नुसता झाडू देऊन पाठवू नकोस. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलायला सांग, कुणाची पेन्शन अडली आहे, कुणाला डोळ्यांची तपासणी हवी आहे ते लिहून आणायला सांग. त्या वह्यांतून तुमचं वर्षभराचं काम ठरेल.

तारीख ठरवताना कॅलेंडरबरोबर कंपन्यांच्या पाळ्याही बघ. पहिल्या पाळीला जाणारा माणूस रात्री उशिरापर्यंत थांबणार नाही आणि रात्रपाळी करून आलेला सकाळी सातला येणार नाही. बायकांसाठी आपल्याकडे सणांनी वेळ काढूनच ठेवली आहे. नवरात्रात भोंडला आहे, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आहे. पण हळदीकुंकवाला विधवा बाईला वगळण्याची रीत अजून कुठे कुठे दिसते. तुमच्या मंडळात ती पहिल्या दिवसापासून मोडून टाका. तिळगूळ आणि वाण प्रत्येक बाईला. यावर मतदानही घेऊ नका.

खेळांविषयी. 2004 मध्ये टीव्हीवर होम मिनिस्टर हा कार्यक्रम आला आणि गावोगावी पैठणीचे खेळ सुरू झाले. घराबाहेर न पडणाऱ्या कितीतरी बायका त्या निमित्ताने मांडवात आल्या, हसल्या, माईकवर बोलल्या. ही मोठी गोष्ट आहे. तरी त्यात पैठणी एकीला मिळते आणि बाकीच्या प्रेक्षक होऊन घरी जातात. तू असे खेळ निवड, ज्यांत सगळ्यांचे हातपाय हलतील: रस्सीखेच, लगोरी, पोत्यांची शर्यत, लिंबू-चमचा, झिम्मा. संघ गल्लीवार किंवा जातवार पाडू नका, चिठ्ठ्या टाकून पाडा. आजोबा आणि नात एका संघात येऊ देत. आणि स्वयंपाकाचं एक मोठं पातेलं पुरुषांकडे सोपव. बायका मेळाव्याच्या दिवशीही चुलीपुढेच राहिल्या, तर तो मेळावा त्यांच्यासाठी झालाच नाही.

आपल्याकडे मांडव उभा राहिला की लगेच फ्लेक्स येतो. 2024 मध्ये आधी लोकसभेला आणि मग विधानसभेला बारामतीत घराघरांत दोन बाजू पडल्या, हे तू जवळून पाहिलंस. जखमा ओल्या आहेत. म्हणून तुमच्या मांडवात कुणाचा फ्लेक्स नको, सत्कार नको, हारतुरे नकोत. पुढारी आले तर मनापासून स्वागत करा आणि त्यांना पंक्तीत वाढायला लावा. ज्या दोन घरांचं बोलणं तुटलंय त्यांना एकाच कामावर नेम. भाजी चिरताना माणसं किती वेळ गप्प राहतील? रात्री दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद, कायदाही तोच आहे आणि परीक्षेच्या पोरांची गरजही तीच.

पैशासाठी एका मोठ्या देणगीदाराच्या मागे लागू नकोस. घरटी थोडी वर्गणी, घरटी दोन भाकरी. ज्याला वर्गणी जमत नाही त्याची भाकरी तेवढ्याच मोलाची. हिशेब दुसऱ्याच दिवशी फळ्यावर लिहा, पै न् पैचा. गाव करी ते राव न करी, असं आपले लोक म्हणतात, पण हिशेब उघडा असेल तरच गाव पुढच्या वेळी करतं.

आता इंदापूरचं. इथलं सगळं एकसारखं समजू नकोस. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती भाग वेगळा, कालव्याच्या शेपटाला पाण्याची वाट बघणारी गावं वेगळी आणि उजनीच्या फुगवट्यात जमिनी गेलेली भिगवणकडची गावं आणखी वेगळी. पाण्याची पाळी आली की शेतकरी रात्री दारं धरायला जातो. त्या आठवड्यात तुझ्या मेळाव्याला कोण येणार? आधी गावात जाऊन बस, ऐक, तारीख त्यांनाच ठरवू दे. बारामतीत जमलेलं जसंच्या तसं उचलून इथे आणू नकोस.

आणि ऊसतोड मजुरांना विसरू नकोस. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की बीड-अहिल्यानगरकडची कुटुंबं येऊन शेताकडेला कोप्या घालतात. पहाटे फडात जातात, मुलांची शाळा मागे राहते. त्यांना कधी कपडे, कधी खाऊ वाटून लोक परत जातात. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. मुकादमाशी बोलून संध्याकाळची वेळ घ्या, मुलांसाठी पुस्तकं आणि खेळ न्या, बायकांसाठी डॉक्टर न्या, आणि त्यांच्यातल्या जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बाईला मधोमध बसवा. तुमच्या एमआयडीसीतली बिहार-उत्तर प्रदेशची कुटुंबंही अशीच कडेला राहतात. त्यांच्याशी हिंदीत बोल, मेळाव्यात एक पदार्थ त्यांच्या हातचा असू दे. चार महिन्यांसाठी आलेला माणूसही या मातीत राबतो, मग मेळाव्यातही त्याच्या वाट्याला काम आलंच पाहिजे.

मेळावा संपल्यावर सगळे तुला विचारतील, किती माणसं आली? तू तो आकडा फार मनावर घेऊ नकोस. पुढच्या रविवारच्या कामाला कोणती नवी घरं आली, ते वहीत लिही. तीन आली असतील तर त्या तिन्ही घरांना त्यापुढच्या रविवारची जबाबदारी दे आणि तू मागे उभी राहा. वर्षभराने तुझ्यावाचून हे चालू लागलं, की समज तुझं काम नीट झालं.

भोंडल्याची तारीख ठरली की कळव. हादग्याची फुलं आणि खिरापतीचा एक डबा माझ्याकडे लागला.

तुझी,
आत्या